प्रकल्प नोंदी: भोसरीतला कारखाना, ४६ पोर्ट्रेट

२४ जून २०२५, मंगळवार

काम पक्कं झालं. भोसरी एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. एकूण ४६ माणसं, त्यांतली १९ ऑफिसातली आणि २७ शॉप फ्लोअरवरची. फोटो वेबसाइटला, ओळखपत्राला आणि वार्षिक अहवालाला लागणार. जागा त्यांचीच ट्रेनिंग रूम.

बोलता बोलता खरी गरज कळली. दर दोन-तीन महिन्यांनी नवी भरती होते आणि नव्या माणसाचा फोटो जुन्यांच्या रांगेत परका दिसता कामा नये. सध्याच्या वेबसाइटवर निम्मे चेहरे पिवळे आहेत, निम्मे निळसर, एकाच्या मागे तर पाण्याचा कूलर. म्हणजे फोटो चांगले येणं पुरेसं नाही, तोच प्रकाश पुन्हा उभा करता आला पाहिजे. त्यामुळे या कामात प्रत्येक अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवायचं. डोळ्याच्या अंदाजाने काहीही लावायचं नाही.

२५ जून, बुधवार

तारीख काढताना पंचांग हाताशी घ्यावंच लागलं. ६ जुलैला आषाढी. वारीला गेलेले चौघे ८ तारखेपर्यंत परततील. २५ जुलैला श्रावण लागतो, मग दाढी-कटिंग न करणारे बरेच. म्हणजे मधले पंधरा दिवसच हाताशी. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. सोमवारी सलून बंद. १६ जुलै, बुधवार ठरला: केस रविवारी कापून घेता येतात, दाढी मंगळवारी रात्री किंवा त्याच सकाळी.

केस आदल्या दिवशी कापलेले नकोत. ताज्या कटिंगनंतर मानेवर आणि कानामागे कातडीची फिकट रेघ उघडी पडते, ती फोटोत डोळ्यात भरते. तीन दिवसांत ती रापते.

१ जुलै, मंगळवार. जागेची पाहणी

टेप, लाइट मीटर, रंग जुळवायचं राखाडी कार्ड आणि मोबाइल, एवढंच सोबत नेलं.

खोली ६.१ मीटर लांब, ४.२ मीटर रुंद. फॉल्स सीलिंग २.६ मीटरवर, पांढरं. डाव्या भिंतीला ६० सेंटीमीटर खोल कपाटं, ती हलत नाहीत. त्यामुळे मधली रेघ उजवीकडे सरकते आणि बसणाऱ्याच्या चेहऱ्यापासून उजवी भिंत जेमतेम १.७ मीटर राहते. ती भिंत कंपनीच्या रंगाची, म्हणजे गडद पोपटी.

लांबीचा हिशोब: मागे पार्श्वभूमी म्हणून टांगायच्या कागदापासून माणूस १.५ मीटर, माणसापासून कॅमेरा २.३, कॅमेऱ्यामागे उभं राहायला ०.८. बेरीज ४.६. दीड मीटर उरतो, त्यात लॅपटॉपचं टेबल बसेल.

खोलीतल्या ट्यूबलाइटचं माप ४०० लक्सच्या आसपास. कॅमेऱ्याच्या एफ/८, १/१६० सेकंद, आयएसओ १०० या सेटिंगला हा उजेड साधारण सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली राहतो, म्हणजे फ्लॅशशिवाय फ्रेम काळी येईल. ट्यूब चालू ठेवायच्या. बंद केल्या तर अंधारात बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळे नुसते काळे दिसतात. खिडकीची गोष्ट वेगळी. ढगाळ दिवशीही खिडकीजवळ २००० लक्स मिळाले, तो फरक पावणेचार स्टॉपांचाच. गडद कपड्याच्या कडेवर त्याची हलकी निळी धार येऊ शकते, आणि पावसाळ्यात ऊन येतं-जातं तशी ती बदलत राहील. खिडकीवर काळं कापड.

एसीची झडप बरोबर कागद जिथे लागणार तिथे वर आहे. कागद फडफडला की मागे सावल्यांच्या लाटा दिसतात. झडपेला पुठ्ठा लावायची परवानगी घेतली.

वीज: खोली आणि वेल्डिंगचा भाग एकाच फेजवर. वेल्डिंग सुरू झालं की ट्यूब लवते, नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. व्होल्टेज पडलं की भिंतीच्या विजेवरचा फ्लॅश चार्ज व्हायला जास्त वेळ घेतो, आणि घाईत बटण दाबलं तर फ्रेम अंधारी येते. तीनही फ्लॅश बॅटरीचे न्यायचे. भिंतीतून फक्त लॅपटॉप.

४ जुलै, शुक्रवार. कागद

वेबसाइटला आडवा फोटो हवा, ओळखपत्राला उभा. दोनदा काढत बसलो तर वेळ दुप्पट. म्हणून सगळे आडवेच काढायचे आणि उभा त्यातून कापायचा. २४ मेगापिक्सेलच्या ६००० × ४००० फ्रेममधून २६६७ × ४००० चा उभा तुकडा निघतो. ३०० डीपीआयला ए५ साठी १७४८ × २४८० लागतात, म्हणजे अहवालाची काळजी नाही.

आता कागदाची रुंदी. फुल फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरचा कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, कागद कॅमेऱ्यापासून ३.८ मीटरवर. ३६ भागिले ८५ गुणिले ३.८, उत्तर १.६१ मीटर. बाजारात रोल १.३५ आणि २.७२ मीटरचे मिळतात. १.३५ चा रोल आडव्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी तोकडा पडतो. हा हिशोब न करता छोटा रोल नेला की चूक जागेवर कळते, आणि मग माणसाला कागदाला चिकटवून बसवतात. त्याने मुख्य प्रकाशाची सावली मागे पडते आणि फोटो पासपोर्टचा वाटू लागतो.

२.७२ चा रोल जिन्याच्या वळणावर अडकतो, गाडीतही मावत नाही. मधल्या राखाडी रंगाचा रोल सुताराच्या बारीक दातांच्या करवतीने २ मीटरवर कापला. कापताना नळीभोवती मास्किंग टेपचे तीन वेढे घ्यायचे आणि रोल हळूहळू फिरवत कापायचं. एकाच बाजूने करवत चालवली की कागदाच्या कडा फाटतात आणि रोल पुढे तिरका उलगडतो.

७ जुलै, सोमवार

माणसांना पाठवायचा कागद तयार केला. एक पान, मराठीत, व्हॉट्सॲपवर आणि नोटीस बोर्डावरही.

१. बारीक चौकटी आणि बारीक रेघांचा शर्ट नको. एकरंगी चालेल, फार चमकणारं कापड नको.
२. इस्त्री केलेला कपडा हँगरवर आणा, इथे आल्यावर घाला. बाइकवर घालून आलात तर पाठीमागची आणि कोपराची घडी जात नाही.
३. कुंकू, टिकली, टिळा, मंगळसूत्र, गजरा, पगडी, टोपी: रोज जसे असता तसेच या.
४. केस रविवारपर्यंत कापून घ्या.
५. चष्मा रोज लावत असाल तर लावूनच फोटो.
६. शॉप फ्लोअरवाल्यांनी बॉयलर सूट, जॅकेट आणि हेल्मेट आणायचं. हेल्मेट पुसलेलं.

तिसरा मुद्दा एचआरला "सगळे सारखे दिसावेत" म्हणून खटकत होता. सारखा प्रकाश हवा, सारखी माणसं नकोत, एवढं सांगितल्यावर राहिला.

९ जुलै, बुधवार. स्टुडिओत चाचणी

खोलीची मापं स्टुडिओच्या फरशीवर मास्किंग टेपने आखली आणि मांडणी त्यातच बसवली.

मुख्य प्रकाश: १२० सेंटीमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा), आत-बाहेर दोन्ही पांढरी कापडं लावून. कॅमेऱ्याच्या डावीकडे ४५ अंशांवर, मध्य डोळ्यांच्या ३० सेंटीमीटर वर, तोंड खाली झुकवलेलं. नाकाच्या शेंड्यापासून अंतर १२० सेंटीमीटर. साधारण बॉक्सच्या व्यासाइतकं अंतर ठेवलं की कातडीवर प्रकाश मऊ पडतो आणि गालाचा आकारही राहतो. ४०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश १/४ ताकदीवर, मीटर एफ/८.

भरणी, म्हणजे सावलीची बाजू उजळवणं: ७५ × १०० सेंटीमीटरचा पांढरा सनबोर्ड (हलका फलक) उजवीकडे, चेहऱ्यापासून ८० सेंटीमीटर. सावलीच्या गालावर एफ/५.

कागद: मुख्य प्रकाशापासून कागद जवळपास २.७ मीटर पडतो, म्हणून तो चेहऱ्यापेक्षा सव्वादोन स्टॉप अंधारा राहतो. काळे केस त्यात विरघळून जातात, डोक्याचा आकारच हरवतो. खाली एक छोटा फ्लॅश ठेवून कागद एफ/५.६ वर आणला. आता केसांची कड सुटी दिसते.

तिसरा प्रकाश: मागून उजवीकडून ३० × १२० चा पट्टीबॉक्स, जाळी लावून, खांद्याची आणि केसांची कड उचलायला. जाळी नसेल तर हा प्रकाश थेट लेन्समध्ये येतो आणि सगळी फ्रेम दुधाळ होते.

आता या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू: सुतळी. सॉफ्टबॉक्सच्या मधल्या दांडीला सुतळी बांधली, १२० सेंटीमीटरवर गाठ मारली, गाठीवर लाल टेप. माणूस बसला की गाठ त्याच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत न्यायची, टेकवायची नाही, आणि सोडून द्यायची. दोन सेकंदांचं काम. याची गरज अशी की इतक्या जवळच्या प्रकाशात माणूस १५ सेंटीमीटर प्रकाशाकडे झुकला की उजेड जवळजवळ ०.४ स्टॉपने वाढतो. पोटावर हात ठेवून बसणारा आणि ताठ बसणारा यांच्यात एवढा फरक सहज पडतो. ४६ फोटो वेबसाइटवर शेजारी शेजारी लागले की तेवढाही फरक लपत नाही.

कॅमेरा सगळा मॅन्युअल. ऑटो किंवा टीटीएल (लेन्समधून आलेल्या उजेडावरून फ्लॅश ठरवणारी) मोजणी शर्टाचा रंग बघून निर्णय घेते: पांढरा शर्ट आला की चेहरा काळवंडतो, काळा कोट आला की उजळतो. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश तर दोघांवरही तोच असतो. सावळ्या माणसासाठी प्रकाश वाढवायचा आणि गोऱ्यासाठी कमी करायचा, ही सवयही इथे बंद. माणूस आहे त्या रंगाचा दिसू दे.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५५०० केल्विनवर पक्का, शिवाय मांडणी हलली की प्रत्येक वेळी राखाडी कार्डाची एक फ्रेम.

शटर: चाचणीत १/२५० ला फ्रेमच्या खालच्या कडेला काळसर पट्टा आला. या कॅमेऱ्याची फ्लॅशसोबतची मर्यादा १/२०० आहे आणि फ्लॅश पेटवणारा रेडिओ ट्रिगर त्यात थोडा उशीर घालतो. १/१६० वर सुरक्षित.

११ जुलै, शुक्रवार. ज्या गोष्टी बिघडतात त्यांची वेगळी चाचणी

चष्मा. सॉफ्टबॉक्सचा पांढरा ठिपका भिंगावर येतो. पहिला उपाय, बॉक्स १५ सेंटीमीटर वर. तरी राहिला तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलायच्या, म्हणजे भिंगं खाली झुकतात. केसांत लपेल एवढंच उचलायचं. उन्हात काळे होणारे चष्मे असलेले तिघे आहेत. अंगण ओलांडून आले की भिंगं काळी असतात, उजळायला वेळ लागतो. त्यांना दहा मिनिटं आधी बोलावून आत बसवायचं.

बारीक चौकटी. सूचना देऊनही दोघे-तिघे तसलाच शर्ट घालून येणार, हे धरूनच चालायचं. कापडाची वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकली की इंद्रधनुषी लाटा उठतात, नंतर त्या पुसणं म्हणजे वैताग. लॅपटॉपवर १०० टक्के मोठं करून बघायचं, कारण छोट्या चित्रात नसलेल्या लाटाही दिसतात. खऱ्या असतील तर कॅमेरा १५-२० सेंटीमीटर मागे. जाळीचा मेळ मोडतो, लाटा जातात. प्रकाशाला हात लावायचा नाही.

हेल्मेट. पुढच्या कडेची सावली थेट डोळ्यांवर. बॉक्स २० सेंटीमीटर खाली आणि दुसरा सनबोर्ड कमरेच्या उंचीवर, ४५ अंशांत वर बघणारा. पांढऱ्या हेल्मेटवर बॉक्सचं प्रतिबिंब येतं, ते येऊ द्यायचं. फक्त कपाळाच्या वरच्या मध्यावर येऊ नये म्हणून मान दोन अंश फिरवायची. शॉप फ्लोअरच्या प्रत्येकाचा एक फोटो हेल्मेटसह, एक विना. आधी विना, कारण हेल्मेट काढल्यावर केस बसलेले आणि कपाळावर वळ.

जॅकेटची चमकती पट्टी. हिची सगळ्यांना भीती असते आणि या मांडणीत ती उगाच आहे. ही पट्टी प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर पट्टी पेटल्यासारखी पांढरी. आपला फ्लॅश ४५ अंश बाजूला, त्यामुळे पट्टी शांत राखाडी आली.

जरीचा काठ. मागच्या पट्टीबॉक्सने खांद्यावरची जर जळते. साडीवाल्यांसाठी तो फ्लॅश एक स्टॉप खाली, चेहऱ्यावर परिणाम शून्य.

१२ जुलै, शनिवार

पोपटी भिंतीची चाचणी कारखान्यात जाऊनच केली. सनबोर्ड काढून घेतला तर सावलीच्या गालावर हिरवट झाक स्पष्ट. व्हाइट बॅलन्सने ती जात नाही: हिरवं काढायला गेलं की उजेडातला गाल गुलाबी होतो, कारण झाक एकाच बाजूला आहे. भिंतीवर काळं कापड, ३ × २ मीटर. पांढरं सीलिंग राहू दिलं. त्याची वरून येणारी भरणी मोजली तर फार थोडी, आणि सगळ्यांवर सारखी.

वेळापत्रक: शॉप फ्लोअरवाले सकाळी ७:१५ पासून, पाळीच्या सुरुवातीला. दहा वाजल्यानंतर त्याच माणसांच्या हाताला तेल, कपाळाला घाम आणि केसांत धूळ असते. २७ माणसं, प्रत्येकी ५ मिनिटं, ९:३० पर्यंत. अर्धा तास चहा आणि मांडणीत बदल. मग ऑफिसातली १९, प्रत्येकी ६ मिनिटं, बारापर्यंत. १२:१५ ते १ मोकळं, कोणी चुकलं, कोणाचे डोळे मिटले, त्यांच्यासाठी. सहा-सहांच्या तुकड्यांनी बोलवायचं. सुपरवायझरला यादी द्यायची, म्हणजे एकही मशीन उगाच थांबणार नाही.

१४ जुलै, सोमवार. सामान

फ्लॅश ३ आणि जादा १. बॅटऱ्या ६, सगळ्या चार्ज. ट्रिगर २, एक खिशात. वाळूच्या पिशव्या ४, प्रत्येकी ५ किलो. सॉफ्टबॉक्सच्या स्टँडला दोन, तेही उंच पायावर. माणसं जातात-येतात, कोणाचा तरी पाय लागणारच. ५ मीटरची केबल, टेबलाच्या पायाला गाठ मारून, म्हणजे ओढली तर लॅपटॉपचं सॉकेट वाचतं. गॅफर टेप, मास्किंग टेप, क्लिपा १२, काळं कापड ३ तुकडे, पाठ नसलेला वर-खाली होणारा स्टूल. कपड्यांची वाफेची इस्त्री. कपडे झाडायचा चिकट रोलर. टिपकागद, रंग नसलेली पावडर, प्रत्येकासाठी वेगळा कापूस. फण्या नाहीत, ज्याची त्याने आणायची. छोटा आरसा.

ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि कारखान्यातलं वायफायही. चॅनेल तिथे जाऊन स्कॅन करायचं, इथलं चालेलच असं नाही.

१५ जुलै, मंगळवार, संध्याकाळ. उभारणी

५ वाजता सुरू, ७:४० ला संपलं. एसीच्या गाडीतून आलेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत उघडला की लेन्स आतपर्यंत धुरकटते, म्हणून बॅग अर्धा तास बंदच ठेवून आधी स्टँड आणि कागद लावले.

चॅनेल बदलावं लागलं. पहिल्या चॅनेलवर ३० पैकी ४ वेळा पट्टीबॉक्स पेटला नाही. दुसऱ्यावर ५० पैकी ५०.

स्टूलाच्या पायांभोवती, स्टँडच्या तिन्ही पायांभोवती आणि ट्रायपॉडखाली टेपच्या खुणा. स्टूल ६२ सेंटीमीटरवर. लेन्स बसलेल्याच्या डोळ्यांच्या रेषेत, दोन-तीन सेंटीमीटर वर. बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीत फरक थोडाच पडतो. उभे केले असते तर तीसभर सेंटीमीटर.

बसण्याच्या सूचना भिंतीवर चिकटवल्या, म्हणजे कॅमेऱ्यामागे कोणीही उभं राहिलं तरी शब्द तेच: "स्टूलाच्या कडेला बसा. खांदे खिडकीकडे. आता चेहरा माझ्याकडे. कपाळ थोडं पुढे आणा." 'हनुवटी खाली' म्हटलं की माणसं मान घालून बसतात. 'कपाळ पुढे' म्हटलं की जबड्याची रेघ आपोआप सुटते.

खोलीला कुलूप, चावी वॉचमनकडे. दारावर कागद: आतली एकही वस्तू हलवू नये, झाडूसुद्धा मारू नये.

१६ जुलै, बुधवार

६:३० ला पहिली चाचणी फ्रेम, आधी फ्लॅशशिवाय: काळी. मग फ्लॅशसह: मीटर एफ/८. रात्रीत काही हललं नव्हतं.

प्रत्येकाच्या पहिल्या फ्रेममध्ये कर्मचारी क्रमांकाची पाटी हातात. नावांचं स्पेलिंग तीन याद्यांत तीन प्रकारचं होतं, फाइलचं नाव क्रमांकावरूनच. प्रत्येकी सरासरी १२ फ्रेम, दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी, लॅपटॉपवर तिसरी प्रत.

अडचणी: सातव्या माणसापासून उजव्या डोळ्यात दुसरा ठिपका दिसू लागला. सनबोर्ड सरकून पुढे आला होता. डोळ्यातला ठिपका घड्याळाच्या दहाच्या जागी एकच हवा. मधूनमधून स्क्रीनवर डोळा मोठा करून बघायचं ठरलं होतं म्हणून दोन माणसांतच सापडलं. त्या दोघांना १२:१५ ला परत बोलावलं. बारीक चौकटीचे चौघे आले. तिघांचं कॅमेरा मागे घेऊन भागलं, चौथ्याने मित्राचा शर्ट घातला. ९:१० ला वीज गेली, जनरेटर येईपर्यंत फ्लॅश बॅटरीवर चालतच राहिले.

१२:५० ला संपलं. खुणा उचलण्याआधी सगळी मापं पुन्हा टेपने घेऊन कागदावर, आणि वरून एक फोटो.

१३ ऑगस्ट, बुधवार

नवे दोघे भरती झाले. ट्रेनिंग रूममध्ये प्रशिक्षण चालू होतं, म्हणून फोटो स्टोअरशेजारच्या खोलीत. मापांचा कागद, तीच सुतळी, ५० मिनिटांत मांडणी उभी. जुलैतल्या एका फोटोवर नवा अर्धपारदर्शक ठेवून पाहिला: चेहऱ्यावरचा उजेड तंतोतंत, कागद मात्र थोडा उजळ. इथली मागची भिंत जवळ असल्याने कागदाचा फ्लॅश १० सेंटीमीटर कागदाकडे सरकून बसला होता. तो मागे घेतल्यावर जुळला.

दोघांपैकी एकाला श्रावणाची दाढी. एचआरने विचारलं, थांबायचं का. दाढी प्रकाशात काही बदल करत नाही, फोटो काढला.

रोलमधला ३ मीटर कागद वेगळा गुंडाळून त्यावर कामाचं नाव लिहून ठेवला. पुढच्या रोलचा राखाडी कधी कधी एक छटा वेगळा निघतो. पुढची भरती दिवाळीनंतर.